बारा कोअरचा बाप

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११.
निर्णय झाला. गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा. स्वतः. तयार घेणारे घेतात, तो प्रश्न वेगळा.

कारण लेक. चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. फोनवर ती विचारते जेवलास का, मी विचारतो जेवलीस का. दोघंही जेवलेलो असतो. फोन संपतो. आज मात्र म्हणाली, रविवारी संध्याकाळी ती आणि ऑफिसातल्या तीन मैत्रिणी ऑनलाइन गाड्यांच्या शर्यती खेळतात. बाबा, तू पण ये ना.

घरचा जुना कॉम्प्युटर गेम सुरू होण्याआधीच बंद पडला. चोवीस तारखेला येतो, असा शब्द दिलाय.

बजेट: यंदाचा बोनस. त्याबाहेर एक पैसा नाही. बायकोसमोर बोललोय, म्हणजे पक्कं.

४ ऑगस्ट.
मेव्हण्याचा फोन. बायकोनं कळवलं असणार. या घरात गुप्तता म्हणून नाही.

मेव्हणा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करतो. त्याचं म्हणणं, भाऊजी, गेम खेळायचाय ना, मग निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डाला ठेवा, पडद्यावरचं चित्र तेच काढतं. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, मधला घ्या, सहा कोअरचा. बास झाला.

म्हणजे हात महागाचा आणि डोकं मधलं! पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय. कशाला किती द्यायचं, हे मला हा शिकवणार.

शिवाय तो नेहमी बरोबर असतो. हा त्याचा मूळ दोष.

निश्चय: निम्मे पैसे प्रोसेसरला. बारा कोअर. मेव्हण्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

९ ऑगस्ट, शनिवार.
खरेदी. दुकानदारानं विचारलं, साहेब, व्हिडिओ एडिटिंगचा धंदा आहे का? माणसाला माणूस ओळखता येतो. मी नुसता हसलो.

बारा कोअरचा प्रोसेसर घेतला. दुकानदार म्हणाला, याला साधा मदरबोर्ड चालणार नाही. बरं, भारी घेतला. हा तापतो फार, वेगळा कूलर लागेल. घेतला. मग काचेच्या बाजूचा, आत दिवे लागणारा कॅबिनेट दिसला. एवढा प्रोसेसर पत्र्याच्या डब्यात ठेवायचा का?

ग्राफिक्स कार्डाला जे उरलं त्यात एक छोटं कार्ड बसलं. दुकानदारानं कपाटाच्या मागून काढलं, फुंकर मारली. पंखासुद्धा नाही त्याला. म्हणजे आवाज नाही. हा फायदा मेव्हण्यानं सांगितला नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार.
जोडणी. नऊ ते पाच. दोन स्क्रू उरले. जास्तीचे देत असावेत.

दिवे लागले. निळे, मग जांभळे. पडदा काळाच. तासभर कंपनीच्या नावानं बोटं मोडली. मग बायकोनं विचारलं, अहो, पडद्याची वायर कार्डाला लावायची असते ना? ती मी शेवटी लावणारच होतो.

११ ऑगस्ट.
कॉम्प्युटर अकरा सेकंदांत सुरू होतो. एक्सेल तर बोट उचलायच्या आत उघडतं. पाच वेळा उघडून पाहिलं. मेव्हण्याला कळवावंसं वाटलं. आवरलं.

१३ ऑगस्ट.
गेम टाकला. गाडी थांबत थांबत पुढे जाते.

कोपऱ्यात आकडे येतात. सेकंदाला साठ चित्रं हवीत म्हणे. माझ्याकडे चौदा. पण माणसाला सेकंदाला साठ गोष्टी पाहून करायचंय काय? मी चौदा नीट पाहतो.

आणखी एक आकडा: कार्ड शंभर टक्के कामात, प्रोसेसर नऊ टक्के. म्हणजे एक्क्याण्णव टक्के ताकद हाताशी राखून ठेवलेली आहे. ती काय वाया जाते?

१६ ऑगस्ट.
सेटिंग कमी केली. सावल्या गेल्या. चोवीस चित्रं. आकाश साधं केलं. सव्वीस. प्रेक्षक काढले. अठ्ठावीस. झाडं काढली. एकतीस!

बायकोनं मागून विचारलं, रस्त्यावर एकही झाड कसं नाही? म्हटलं, रुंदीकरण झालंय.

१९ ऑगस्ट.
सराव. लेकीचा फोन आला, तर उचलला नाही. तिच्यासाठीच चाललंय हे सगळं.

२२ ऑगस्ट.
मेव्हणा घरी येऊन गेला. चाहूल लागताच कॉम्प्युटरवर चादर टाकली. आतून जांभळा उजेड येत होता. त्यानं चहा घेतला, चादरीकडे पाहिलं. जळतो, दुसरं काय.

२४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.
शर्यत झाली. ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

एकटा होतो तोवर ठीक होतं. पाच गाड्या एकत्र आल्या आणि चित्रं नऊवर आली. वळण दिसायचं तेव्हा मी वळणात घुसलेलो असायचो. भिंतीला अकरा वेळा लागलो. एकदा उलट्या दिशेनं बराच पुढे गेलो. त्या वेळी माझा वेग सगळ्यांत चांगला होता.

लेक स्पीकरवरून सांगत होती, बाबा, डावीकडे. आता ब्रेक. सावकाश, मी आहे. तिच्या तीन मैत्रिणी केव्हाच पोचल्या आणि कुणाच्या तरी बॉसबद्दल बोलत बसल्या. मी शेवटच्या वळणातून बाहेर आलो, तर शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे लेकीची लाल गाडी उभी! बंद पडलेली. हॉर्न सारखा वाजत होता. मी बाजूनं गाडी काढली आणि रेषा ओलांडली.

चौथा. पाचांत चौथा. दर रविवारी जिंकणाऱ्या पोरीला पहिल्याच दिवशी मागे टाकलं. यंत्रावर खर्च केला की असा भरून निघतो.

लेक इतकी हसत होती. चार महिन्यांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार.
लेकीला फोन करून विचारलं, गाडीला काय झालं होतं. म्हणाली, अरे बाबा, बंद पडली होती. मी म्हटलं, तुझं कार्ड तपासून घे.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, बंद पडली होती, मग तुम्ही पुढे गेल्यावर दोन सेकंदांत ती रेषेपार कशी आली?

उठून गेम लावला, कोपऱ्यातले आकडे पुन्हा पाहिले. कार्ड शंभर, प्रोसेसर नऊ.

संध्याकाळी मेव्हण्याला फोन केला. म्हटलं, आमच्या ऑफिसात एकजण आहे, त्याचं ग्राफिक्स कार्ड जरा कमी पडतंय.

मेव्हणा अगदी गंभीरपणे म्हणाला, अच्छा. त्यांना म्हणावं, घाबरू नका. तो बारा कोअरचा आणि भारी मदरबोर्ड मी विकून देतो, सहा कोअरचा बसवू, उरलेल्यात चांगलं कार्ड येईल. शनिवारी येतो.

बारा कोअरचं मी काही बोललोच नव्हतो.