तान्ह्या पोळ्यापर्यंत नयन बोलेल

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी लिहिणार. रोज. कारण नयन. माझा नातू, सव्वाचार वर्षांचा. तो बोलत नाही असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तो बोलतो, फक्त शब्द वापरत नाही.

सुनेनं, म्हणजे अपेक्षानं, मला न विचारता यवतमाळच्या दवाखान्यात नंबर लावला. पुढच्या मंगळवारचा. मुलांची वाढ तपासतात म्हणे. मी म्हटलं, मागच्या दिवाळीची चड्डी त्याले होत नाही, आणखी कोणती वाढ पाहिजे? ती म्हणाली, बाबा, डोक्याची. मी म्हटलं, टोपी पण होत नाही. कोणी हसलं नाही. या घरात विनोदाचा दुष्काळ आहे.

२ जुलै
मन शांत ठेवून विचार केला. अपेक्षाला आठवा लागला तेव्हा बीपी वाढलं, पाय सुजले, मग झटके आले. यवतमाळला नेईपर्यंत दोनदा शुद्ध गेली. त्याच दिवशी पोट फाडून पोर काढलं. सव्वा किलो. महिनाभर काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, आईचं बीपी आणि कमी दिवसांचं बाळ, याचा मेंदूवर पुढे परिणाम होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण दाखवत राहा.

‘सगळ्यांनाच होतो असं नाही’ हे मला अजून तोंडपाठ आहे. त्याच्या पुढचं मागचं एवढं महत्त्वाचं नाही.

माझं शिक्षण सातवी. पण पन्नास वर्षं शेती वाचली. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत घरात येतं, तूर सहा महिने वावरात उभी राहते. तुरीला कोणी दवाखान्यात नेत नाही. नयन तूर आहे. मैनाबाईला (आमची मंडळी) हे समजावलं. ती म्हणाली, आज तूर म्हणून राह्यले, उद्या त्याले फवारा माराल.

५ जुलै
करार झाला. तान्हा पोळा २३ ऑगस्टला. गावची लेकरं लाकडी नंदी घेऊन मारुतीसमोर येतात, एकेक जण माईकवर झडती म्हणजे पोळ्याचं यमकाचं गाणं म्हणतो. नयननं माईकवर झडती म्हटली तर यवतमाळ कॅन्सल, कायमचं. नाही म्हटली तर मी स्वतः नेईन.

अपेक्षा म्हणाली, बाबा, डॉक्टर म्हणतात जितकं लवकर तितकं बरं, दीड महिना काहून वाया घालवता? मी म्हटलं, चार वर्षं थांबलो, दीड महिन्यानं काय होते? हे वाक्य तोंडातून निघाल्यावर जरा उलटं वाटलं. पण निघालं होतं.

रवीनं (मुलगा, अपेक्षाचा नवरा) नेहमीप्रमाणे मोबाइलकडे पाहून मान हलवली. कोणाच्या बाजूनं ते कळलं नाही. माझ्या बाजूनं धरलं. नंबर पुढं ढकलला.

६ जुलै
झडती मी स्वतः रचली.
भाकर भाकर ताकात भाकर
नंदी माझा लाकडी, मागत नाही साखर
आजा म्हणतो हाण रे नाती
चाक निघालं, नंदी हाती!
हर हर महादेव!
चार ओळी. रोज अर्धी ओळ. आठ दिवसांत पाठ, उरलेला महिना नुसती प्रॅक्टिस. एवढा वेळ उरतो म्हणून लाज वाटते.

९ जुलै
भाकर झाली. म्हणजे मी भाकर म्हटलं तेव्हा नयननं चुलीकडे पाहिलं. समज शंभर टक्के. आवाज तेवढा बाकी.

१३ जुलै
तीन दिवस लिहिणं झालं नाही, वावरात निंदण होतं. नयनशी मात्र रोज गप्पा. आज तो मला म्हणाला की आजोबा, ऊन फार आहे. शब्दांत नाही. माझा दुपट्टा ओढून डोक्यावर घेतला. यात काय राहिलं सांगायचं?

यूट्यूबवर एका साहेबांनी सांगितलं की मोठमोठे लोक उशिरा बोलले. व्हिडिओ अपेक्षाला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या.

२० जुलै, रविवार
नवी युक्ती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शेजारच्या इंदूबाईची नात अर्पिता, नयनपेक्षा दोन महिन्यांनी लहान, तोंड म्हणजे एसटी स्टँडवरचा भोंगा. तिला रोज दुपारी आमच्या ओसरीवर बोलावलं. मुरमुऱ्याचा लाडू लाच म्हणून.

२८ जुलै
गुण लागला. उलटा. अर्पिता आता घरी बोटानं दाखवून मागते आणि नाही दिलं की नयनसारखी डोकं हलवून ‘ऊं’ करते. इंदूबाई फणफणत आली. सदाशिवभाऊ, माही पोपटीन होती, तिची तुम्ही कबुतरीन केली! मी म्हटलं, शिकवण्याची ताकद पाहा, नयननं आठ दिवसांत एक विद्यार्थिनी तयार केली. इंदूबाईनं लाडूसकट नात नेली.

२ ऑगस्ट
चार ओळी जास्त होतात. मोठे कवीसुद्धा एका ओळीत सांगून मोकळे होतात. फक्त ‘हर हर महादेव’ ठेवलं.

आज अंगणवाडीची बाई आली होती. नयनला विचारलं, बाळा, तुझं नाव काय? मी म्हटलं, नयन. तिनं विचारलं, हे काय आहे, चेंडू का? मी म्हटलं, चेंडूच, त्याले लाल आवडते. ती म्हणाली, आजोबा, मी त्याले विचारून राह्यली. मी म्हटलं, तोच सांगून राह्यला. त्या बाईला घाई फार.

१० ऑगस्ट
‘महादेव’ पण लांबच आहे. ‘हर’ पुरे. हर म्हणजेच महादेव, दोनदा कायले घ्यायचा?

सुताराकडून नंदी आला. सागाचा, चार चाकांचा. नयननं तो उलटा केला आणि अर्धा तास एकच चाक फिरवत बसला. रवी म्हणाला, बाबा, बाकीची पोरं नंदी ओढतात. मी म्हटलं, बाकीची पोरं नंदी वापरतात, हा मशिनरी समजून घेते. रवी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. मुलगा थकलेला दिसतो. कामाचा ताण असेल.

१४ ऑगस्ट
अपेक्षा चुलीपाशी बसून म्हणाली, बाबा, मले माहीत आहे, माह्याच पोटात त्याचं बिघडलं. मी तेव्हा पाय सुजले ते सांगितलेच नाही कोणाले, चप्पल बदलली नुसती. सोन्यासारखी पोरगी. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, काही झालंच नाही, तू डोक्यातून काढ. ती उठून गेली. भाकर तव्यावर जळली. माझ्या बोलण्यानं तिला धीर आला असणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
उद्या नयननं नुसतं तोंड उघडलं तरी चालेल असं ठरवलं. माईकसमोर आवाज आपोआप येतो, माझा अनुभव आहे. मी एकदा सोसायटीच्या सभेत नुसता आभार मानायला उठलो आणि पाऊण तास बोललो.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा
यश. थोडं वेगळं, पण यश.

नयनला फेटा, धोतर, कपाळाला गंध. दृष्ट लागावी असा. नंबर आला. मी मागे उभा, आधार म्हणून. सरपंचबाईनं विचारलं, नाव काय बाळा? मी हळूच म्हटलं, नयन. माईक जवळ होता, हळू राहिलं नाही. मग झडती. नयननं माईकची जाळी चाटली. लोक वाट पाहत होते. समोर अपेक्षा उभी होती, दोन्ही मुठी छातीशी धरून, ओठ हलत होते तिचे. मला पाहवेना. मी त्याच्या फेट्यामागं तोंड नेऊन सगळी झडती म्हटली, चारही ओळी, पातळ आवाज काढून. हर हर महादेव तर असं म्हटलं की नयन दचकला आणि रडायला लागला.

टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी ओरडलं, सदाशिवभाऊचं लेकरू लय हुशार, मिशा फुटल्या! उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. टिफिनचा डबा.

अपेक्षा घरी आल्यावर म्हणाली, बाबा, डबा तुमचा आहे, तुम्ही जिंकले. मैनाबाई म्हणाली, मंगळवारी नाही तर त्याच्या पुढच्या मंगळवारी, पण आता करार म्हणजे करार. मी म्हटलं, टीमवर्क धरलं तर... तिनं पुरं ऐकलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार. यवतमाळ
मुलांची वाढ तपासणाऱ्या गुंजन मॅडम. वय माझ्या मुलीएवढं, आवाज गोड. आधी कान तपासले. कान ठणठणीत. मी अपेक्षाकडे पाहिलं, सांगितलं नव्हतं का? मग मॅडमनं विचारलं, मूल किती शब्द बोलतं? मी म्हटलं, चाळीसेक तर सहज. पाणी, भाकर, ऊन, चेंडू, आजोबा. अपेक्षा खाली पाहत म्हणाली, बाबा, ते सगळे तुम्ही म्हणता.

मॅडमनं ठोकळे मांडले. त्यांनी नयनला काही विचारलं की माझ्या तोंडून उत्तर निघे. तीनदा निघालं. चौथ्यांदा मॅडम हसून म्हणाल्या, आजोबा, तुम्ही पास झालात, आता जरा बाहेर बसा.

बाहेर बाकावर बसलो. दाराला कान लावला. आत मॅडमचा आवाज, मग काही नाही. परत मॅडमचा, परत काही नाही. असं किती वेळ.

आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, नयन सव्वाचार वर्षांचा, पण समज आणि बोलणं पावणेदोन वर्षांच्या आसपास. त्या वेळचं बीपी, झटके, कमी दिवस, कमी वजन, याच्याशी संबंध असण्याची शक्यता जास्त. मी म्हटलं, तूर आहे मॅडम, उशिरा येईल. त्या म्हणाल्या, आजोबा, येईल तेवढं येईल, बरोबरीच्या पोरांना गाठेल असं मी सांगणार नाही. शब्द येतील का, ते आजच सांगता येत नाही. आधी आणलं असतं तर हातात वेळ जास्त होता.

मग त्या अपेक्षाकडे वळल्या. म्हणाल्या, झालं ते झालं आहे, पण तुमच्यामुळं नाही. अपेक्षा जी रडली! ओढणीत मावेना. चार वर्षं मी तिला सांगत आलो की काही झालंच नाही. तिला एवढंच ऐकायचं होतं की झालं.

मला काम दिलं आहे. सोपं. गप्प बसायचं. त्याला हवं ते पुढं ठेवायचं नाही, त्याच्या वतीनं बोलायचं नाही, वाट पाहायची.

३ सप्टेंबर
गप्प बसलो. न्याहारीपर्यंत.

५ सप्टेंबर
आज दुपारपर्यंत. मैनाबाई म्हणाली, घरात कोणी गेल्यासारखं वाटते. पंख्याचा आवाज होतो आपल्या घरात, माहीत नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळपासून एक शब्द नाही. अपेक्षा पाहत होती, कौतुकानं.

दुपारी नयन खेळून आला, घामाघूम. माठाजवळ उभा राहिला. ग्लास वर ठेवलेला. माझ्याकडे पाहिलं. मी दातावर दात धरून बसलो. त्यानं ग्लासकडे पाहिलं, परत माझ्याकडे. ‘ऊं’ नाही, काही नाही. मी वाट पाहिली. मनात म्हटलं, आता म्हणेल. आता म्हणेलच.

तो आला आणि माझ्या मांडीवर चढला. दोन्ही हातांनी माझे ओठ धरले. वरचा वर ओढला, खालचा खाली. उघडून आत पाहिलं. मग परत मिटवले, परत उघडले. बोटं मातीनं भरलेली.

त्याला वाटतं, पाणी इथून येतं.

मी म्हटलं, पाणी. दोनदा म्हटलं, आणि ग्लास भरून दिला. अपेक्षानं तोंड फिरवलं. नयन खुदकन हसला, ग्लासभर पाणी घटाघटा प्यायला आणि खेळायला पळाला.