आमचं मशीन आता टचस्क्रीन

८ सप्टेंबर, सोमवार
मशिनरी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. आमचा स्टॉल कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरला लागून. त्यामुळे गर्दी बरी होती. लोक आले, पाणी प्यायले, गेले.

समोरच्या स्टॉलवर परदेशी स्क्रीन प्रिंटिंग मशीन. पांढरंफेक, दवाखान्यातल्या फ्रिजसारखं. आवाज नाही, तेल नाही, वास नाही. शेजारी टायवाला सेल्समन. स्क्रीनला एक बोट लावतो आणि हाताची घडी घालून लांब उभा राहतो. आमच्या मशीनला ते बनवणारे बाबा, त्यांचे कारागीर मिस्त्रीकाका आणि चोवीस नंबरचा पाना लागतो.

टायवाला जेवायला गेल्यावर त्याच्या मशीनवर ‘नादुरुस्त’ असं लेबल चिकटवून आलो. परिणाम उलटा. काय बिघडलंय ते बघायला दुप्पट माणसं जमली. टायवाल्याने परत येऊन त्या सगळ्यांना डेमो दिला.

पट्टीवाले साहेब आले होते. त्यांचा फुटपट्ट्यांचा कारखाना. पट्टीवरच्या रेघा आणि आकडे वीस वर्षं बाबांच्या मशीनवर छापतात. आता चार नवी मशिनं घ्यायचीत. समोर एक तास दहा मिनिटं उभे होते. आमच्याकडे येऊन पाणी प्यायले.

घरी येताना बाबा म्हणाले, ही चार हातची गेली तर शटर खाली.

निश्चय: कारखाना मी वाचवणार. उद्यापासून सहाला उठायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी १०.१५
उठलो. डोकं आधीपासून कामाला लागलं होतं, शरीराला उशीर झाला.

बाबांनी नाश्त्याच्या वेळी विचारलं, तू तो ऑटोमेशनचा कोर्स केलायस ना, मग आपल्या मशीनला असला स्क्रीन बसवता येईल का रे? मी म्हटलं, त्यात काय. तोंडातून निघून गेलं.

कोर्स दोन महिन्यांचा होता. मी नऊ दिवस गेलो, हे फक्त मिस्त्रीकाकांना माहीत. पण बेसिक सगळं त्या नऊ दिवसांतच असतं. सर्टिफिकेट मी आपल्याच मशीनवर छापलं, सोनेरी बॉर्डर, दोन रंग. शाई मिस्त्रीकाकांनी कालवून दिली. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलंय. एकदा चष्मा लावून जवळून बघितलं आणि म्हणाले, छपाई एक नंबर आहे, संस्था चांगली असणार.

११ सप्टेंबर, गुरुवार
मशीन कसं चालतं ते एकदा लिहून काढतो, म्हणजे डोक्यात बसेल. खाली टेबल. वर जाळीची फ्रेम, जबड्यासारखी उघडते. पट्टी टेबलावर ठेवायची. मागचं पेडल दाबलं की फ्रेम खाली येते, रबर शाई ओढतं, फ्रेम वर. झालं. समोर एक मोठं लाल बटण. काही अडकलं तर ते ठोकायचं, सगळं जागच्या जागी थांबतं.

आता फक्त पेडलच्या जागी स्क्रीन. नव्वद टक्के काम समजलं. उरली ती वायरिंग.

१५ सप्टेंबर, सोमवार
वायरिंग केली. धूर आला. गल्लीतली लाइट गेली. समोरचा सलूनवाला अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊन आमच्या दारात उभा. मी त्याला म्हटलं, सगळीकडेच गेलीय वाटतं.

मिस्त्रीकाका हळूच म्हणाले, नऊ दिवसांत धूर काढायला शिकवलं काय रे? वय झालं की माणूस खवचट होतो.

बाबा रागावले नाहीत. उलट म्हणाले, पहिलं मशीन मी बनवलं तेव्हा तीन मोटरी जाळल्या होत्या. हे त्यांनी बोलायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी खरं सांगितलं असतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आयडिया.

टॅब. जुना, माझ्याकडे पडलेला. त्यावर मी चित्रं बनवली: हिरवं START, लाल STOP, खाली मोजणीचा काटा. बोट लावलं की टूंक वाजतं. चित्र बदलतं. मशीनशी काहीही संबंध नाही, सध्या. जोडणी दुसऱ्या टप्प्यात.

माणूस दिसतं ते मानतो. टायवाला नाही का, टायमुळे चालतो.

२२ सप्टेंबर, सोमवार
पॅनेल बसवलं. पत्र्यात बसायला जागा एकच होती, लाल बटणाची. म्हणून बटण काढलं. दिसायलाही जुनाट होतं. आणि लाल स्क्रीनवर आहेच.

मिस्त्रीकाका तापले. म्हणाले, अरे गाढवा, ते बटण तुझ्या जन्माआधीपासून तिथे आहे. मी म्हटलं, म्हणूनच काढलं काका. मग त्यांना प्लॅन सांगितला. ते मशीनमागे उभे राहणार, पाय पेडलवर. मी स्क्रीनला बोट लावून खोकणार. खोकलो की दाबायचं.

ते म्हणाले, तुझ्या बापासाठी करतोय, तुझ्यासाठी नाही. आणि पट्टीवाल्याने हो म्हटल्यावर खरं कनेक्शन करायचं. शपथ घे.

घेतली. मनापासून.

२४ सप्टेंबर, बुधवार
डेमो. जमलं!! जमलं!!!

पट्टीवाले साहेबांना मी म्हटलं, सर, फक्त टच. टूंक. खोक. फ्रेम खाली. साहेबांनी स्वतः बोट लावलं तेव्हा मला वेळेवर खोकला आला नाही, काकांनी तरी दाबलं. अनुभवाला तोड नाही. शेवटी साहेब म्हणाले, मुलाला खोकल्याचं औषध द्या.

एक मशीन महिनाभर ट्रायलवर नेणार. जमलं तर चारही आमची. म्हणाले, परदेशी मशीन बिघडलं की त्यांचा माणूस तीन आठवड्यांनी येतो, तुम्ही गल्लीतून येता.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवून काढलाच नाही, बोलत राहिले, साहेबांना सांगत राहिले, हा लहानपणापासूनच असा, खेळणी उघडून बसायचा. (उघडायचो. परत जोडली एकही नाही.)

निश्चय: खरं कनेक्शन या रविवारी.

२९ सप्टेंबर, सोमवार
रविवारी पाहुणे आले.

मशीन पट्टीवाल्यांकडे गेलं. सोबत मिस्त्रीकाका, ‘ट्रेनिंगसाठी’. ऑपरेटरबाईंना मी सांगितलं, काका मागेच उभे असतात, सेन्सरवर लक्ष ठेवायला. बाई म्हणाल्या, सेन्सरला एवढं लक्ष लागतं? मी म्हटलं, नवीन आहे, लाजतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पट्टीवाल्यांचा फोन. मला घाम. पण ते खूश! स्क्रीनवर बघतात तर जेवणाच्या सुट्टीत तीनशे पट्ट्या छापून झाल्या. (काटा मी घड्याळावर लावलाय. मशीन बंद असलं तरी मोजतो.) विचारलं, पट्ट्या कुठे आहेत? मी म्हटलं, सर, ती कपॅसिटी आहे.

कपॅसिटी म्हणाल्यावर गप्प झाले. लक्षात ठेवायचा शब्द.

६ ऑक्टोबर, सोमवार
काकांचा पाय सुजलाय. दिवसाला नऊ तास पेडल. संध्याकाळी बूट निघेना, त्यांच्या बायकोने कात्रीने कापून काढला. मला दाखवला बूट. म्हणाले, हे बघ तुझं ऑटोमेशन.

वाईट वाटलं. म्हणून लगेच सुधारणा: पेडल काढलं, टायमर जोडला. दर आठ सेकंदांनी फ्रेम आपोआप खाली, मग वर. काकांनी नुसतं बसायचं. हे एवढं मी स्वतः जोडलं, धूर नाही! म्हणजे मला येतं. थांबवायचं असेल तर मागच्या भिंतीवरचा मेन स्विच. काकांना दाखवला. ऑपरेटरबाईंना काका सांगतील.

९ ऑक्टोबर, गुरुवार
काका आज सरळच म्हणाले, STOP नुसतं चित्र आहे. बाईंना मी सांगितलंय, काही अडकलं तर हात घालायचा नाही, मला हाक मारायची. पण मी लघवीला गेलो तर? लाल बटण परत बसव, नाहीतर रविवारी तुझ्या बापाला मी सांगतो.

मी म्हटलं, रविवारी मीच सांगतो काका. बटणही बसवतो. बटण कुठे ठेवलंय ते मात्र आठवेना. वर्कशॉपमध्ये शोधायला गेलो तर बाबा भेटले. ऑफिसात बसून नव्या मशिनांच्या नेमप्लेटचं डिझाइन काढत होते. आतापर्यंत प्लेटवर त्यांचं एकट्याचं नाव असायचं. आता खाली माझं. म्हणाले, अक्षर केवढं ठेवू, सांग.

म्हटलं, तुमच्याएवढंच ठेवा.

११ ऑक्टोबर, शनिवार
बाबा न सांगता पट्टीवाल्यांकडे गेले. मी तिथेच होतो. साहेब होते. बाबा म्हणाले, जरा मी चालवून बघतो माझ्या पोराचं मशीन. बाई उठल्या. बाबा बसले. पंधरा-वीस पट्ट्या छान निघाल्या. प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघत होते.

एक पट्टी तिरकी बसली. बाबांनी STOP ला बोट लावलं. टूंक. STOPPED आलं, लाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले. मग पट्टी सरळ करायला हात आत घातला.

मला माहीत होतं. साहेब माझ्या शेजारीच उभे होते.

काका ओरडले आणि स्विचकडे पळाले, सुजलेल्या पायाने.

आठ सेकंद म्हणजे बराच वेळ असतो. घरी येऊन मोजून बघितलं. एक पूर्ण वाक्य बोलता येतं. दोन पण.

१२ ऑक्टोबर, रविवार, हॉस्पिटल
उजव्या हाताची दोन बोटं काढली. पहिलं आणि मधलं. अंगठा आहे. डॉक्टर म्हणाले, अंगठा आहे ते चांगलं.

आई विचारते, कसं झालं? काल बटण बसवलं असतं तर, असं तिला सांगणार होतो. पण तिला टेक्निकल कळलं नसतं.

आज रविवार. आजच सांगायचं ठरलं होतं. पण बाबांना इंजेक्शनची झोप होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार
बाबा जागे. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पट्टीवाले साहेब फळं घेऊन आले. साहेबांनी विचारलं, मशीन थांबलं का नाही? बाबा म्हणाले, माझीच चूक. स्क्रीनची सवय नाही मला, बोट काठावर लागलं असणार. पोराचं काम चोख आहे, त्याला बोल लावू नका.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी फळं धुऊन आणली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
मशीन परत आलं. पट्टीवाल्यांनी परदेशी चार मशिनांची ऑर्डर दिली. चिठ्ठीत लिहिलंय, सुरक्षेच्या कारणास्तव. टायवाल्याचं मशीन हात आत गेला की स्वतःच थांबतं, उजेडाचा पडदा असतो म्हणे. मी हे कोर्सला ऐकलं असतं. अकराव्या दिवशी होतं बहुतेक.

मिस्त्रीकाका पट्टीवाल्यांकडे लागले. त्या मशीनवर पट्ट्या ठेवायचं काम. हत्यारांची पेटी न्यायला आले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही सांगणार का बाबांना? म्हणाले, त्याची बोटं गेली, शटर जातंय, आता पोरगा पण त्याच्याकडून मीच काढून घेऊ? तुझं तू बघ. आणि मला काका म्हणू नकोस.

पेटी जड होती. उचलू लागलो तर हात झटकला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
बाबा घरी आले. आई भरवते. वर्कशॉपमधलं लेथ मशीन घ्यायला भंगारवाला येऊन गेला, उद्या टेम्पो आणतो म्हणाला. बाबांनी त्याला लेथला तेल कुठे घालायचं ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, मालक, मी तो तोडणार आहे. बाबा म्हणाले, तरी पण.

निश्चय: उद्या. नक्की. आधी फक्त सुरुवात कशी करायची ते लिहून काढतो.

बाबा, एक सांगायचं होतं

२० ऑक्टोबर, सोमवार
काल टेम्पो आला, दिवस त्यातच गेला.

आज बाबांनी पॅनेल मागवलं. मशीनमधून टॅब काढून आणला, जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताने चष्मा लावला. म्हणाले, मला एकदा नीट शिकव. स्टॉप नेमकं कुठे दाबायचं होतं?

आई भांडी घासायची थांबली, ऐकायला.

मी त्यांचा डावा हात धरला, बोट उचललं, लाल चौकोनाच्या मधोमध ठेवलं. म्हटलं, इथे.

टूंक.

म्हणाले, अच्छा. मी जरा खाली दाबलं होतं.

मी म्हटलं, हो, जरा खाली लागलं.