मागच्या पोटाला एरंडेल

आबा,

तुम्ही गेल्यावर मोटारी फार बदलल्या, पण तेलावरून होणारी भांडणं तशीच आहेत. वाड्यावरच्या सरकारांनी यंदा नवी गाडी आणली. लांब नाकाची, बुटकी, आणि पळायला अशी की मकरपुऱ्याच्या सरळ रस्त्यावर तिच्यासमोर दुसरी टिकत नाही. तिच्याबरोबर मुंबईहून एजंटाचा माणूस आला होता, चकचकीत बूट घालून, नव्या तेलाचा डबा घेऊन. त्याचं म्हणणं असं की हेच एक तेल मधल्या गिअरच्या पेटीत घाला आणि हेच मागच्या चाकांमधल्या गोल पेटीत. त्या गोल पेटीला आता सगळे डिफरन्शियल म्हणतात. तुम्ही तिला मागचं पोट म्हणायचात, आणि आपल्या मोटारखान्यात अजून तेच नाव चालतं. मी डब्याचं झाकण काढलं तर गंधकाचा असा भपकारा आला की शेजारी पाणी मारणारा गडी नाक धरून बाहेर गेला. "या वासातच सगळी करामत आहे," एजंटाचा माणूस म्हणाला. मी त्याला चहा पाजला, स्टेशनवर पोचवला आणि येताना घरून आईची काशाची वाटी घेऊन आलो.

ती वाटी तुम्ही ओळखालच. आई तूप लावून जिने आमचे तळपाय घासायची, तिच्या माहेरची, आणि जिच्यावरून तुमचं आणि तिचं आठवडाभर बोलणं बंद होतं. आता आईही तिकडेच आहे, तेव्हा तुमची भेट झाली असेल तर तिने तो विषय पुन्हा काढलाच असेल. काढू दे. तिचं बरोबर होतं आणि तुमचंही बरोबर होतं, असं आता मला वाटतं. तेव्हा मला तुम्ही दोघेही हट्टी वाटायचात.

तुम्ही मुळात पागेतले. आजोबा शिलेदार, तुम्ही सरकारांच्या घोड्यांचं खाणंपिणं आणि दुखणंखुपणं बघणारे. मग सरकारांनी मोटारी घेतल्या आणि वर्षा-दोन वर्षांत पागा रिकामी झाली. तुमची तांबडी घोडी स्टेशनवरच्या एका टांगेवाल्याला विकली. तेव्हापासून स्टेशनकडे जायचं झालं की लांबच्या रस्त्याने जायचात, आणि आई विचारायची, "इतका उशीर कसा?" त्या वयात तुम्ही स्पॅनर हातात धरायला शिकलात. मी तेव्हा तांत्रिक शिक्षण संपवून तुमच्याच हाताखाली लागलो होतो, पुस्तकी शब्द तोंडात घोळवत. तुम्हाला ते शब्द आवडायचे. रात्रीच्या जेवणाला मला एकेक विचारून घ्यायचात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चुकीच्या जागी वापरायचात. मी लाजेने मेल्यासारखा व्हायचो.

मग ती हिरवी गाडी आली, सरकारांची पहिली खरी पळणारी गाडी. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी पूर्वी सरदारांच्या घोड्यांची चढाओढ असे, ती त्या साली मोटारींची ठरली. सरकारांनी तुम्हाला बोलावून घेतलं तेव्हा मी मागे उभा होतो. "गाडी वाटेत बसली, तर मोटारखाना मी मुंबईच्या एखाद्या माणसाच्या ताब्यात देईन," ते म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते, म्हणून जास्त भीती वाटली. तुम्ही "होय सरकार" म्हणालात आणि घरी येऊन भाकरीला हात लावला नाहीत. एकदा पागेतून उठवलं होतं, आता इथूनही उठवलं तर या वयात जायचं कुठे, एवढंच त्या दिवशी आईजवळ बोललात.

त्या गाडीच्या मागच्या पोटात पोलादी मळसूत्रावर काशाचं चाक फिरत असे. दात दातावर आपटत नाहीत, एकमेकांवर घसरत राहतात, आणि घसरून घसरून तापतात. वेग जितका जास्त तितकं तेल त्या दोघांमधून पिळून निघतं, आणि ते निघालं की काशाचा भुगा. हे मी तुम्हाला पाटावर खडूने काढून दाखवलं. तुम्ही नीट ऐकलंत, आणि मग आईच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलंत. चुलीवर पळीत एकेक तेल तापवायचं, काशाच्या वाटीत घालायचं, आणि पोलादी पट्टीने घासत बसायचं. खनिज तेल गरम झालं की पाण्यासारखं पळायचं आणि पट्टी वाटीवर करकरायची. एरंडेल कितीही तापलं तरी वाटी सोडत नव्हतं. आईने वाटीवरचे ओरखडे पाहिले आणि त्या दिवसापासून तुमच्या ताटात ती न बोलता वाढू लागली. घरभर एरंडेलाचा वास. मला तर जेवणाचीच शिसारी आली होती.

घांची, म्हणजे इथला तेली, तुमचा ओळखीचा, घोड्यांच्या पोटदुखीसाठी त्याच्याकडूनच दिवेल, म्हणजे एरंडेल, यायचं. तुम्ही त्याला विचारलंत, हे मोटारीला चालेल ना, आंबट तर नाही? तो हसून म्हणाला, "भाई, आ तो मारी दीकरीने पण पाउं छुं. मोटर शुं वधारे नाजुक छे?" स्वतःच्या लेकीला पाजतो ते तेल, मोटार काय तिच्याहून नाजूक! तरी तुम्ही ते पुन्हा उकळवलंत, तडतड पूर्ण थांबेपर्यंत, कारण पाण्याचा अंश राहिला तर पोलाद गंजतं. मग वाटीत तसंच भरून खिडकीत ठेवलंत आणि रोज सकाळी काशावर हिरवं काही धरतंय का ते बघत राहिलात. तेवढ्यात मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, आबा, एवढं एरंडेल तयार आहे तर गिअरच्या पेटीतही तेच घालू, दोन तेलांची उस्तवार कशाला? तुम्ही पळी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलंत. "उद्यापासून तुलाही घोड्याच्या चंदीचा तोबरा बांधू का? आईचे कष्ट वाचतील." मग जरा थांबून समजावलंत. मधल्या पेटीत दात सरळ एकमेकांत बसतात, तिथे घसरण कमी आणि बदलणं जास्त. एरंडेल तिथे तापून निवून चिकट राळ होईल आणि ऐन वेळी गिअर पडणार नाही. तिथे जाड खनिज तेल हवं. आणि दोन्ही तेलं एकमेकांत मिसळायची नाहीत, ती एकत्र नांदत नाहीत. मोजमापाचे चमचेसुद्धा तुम्ही वेगळे ठेवलेत, आईच्या सोवळ्याच्या वरताण.

दसऱ्याची सकाळ. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, नाकावर हळदकुंकू. पागा होती तेव्हा या दिवशी आईसाहेब, म्हणजे सरकारांच्या आई, स्वतः येऊन प्रत्येक घोड्याला तूपगूळ भरवायच्या. तुम्ही लगाम धरायचात. त्या दिवशीही त्या चांदीचं ताट घेऊन आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हिचं तोंड कुठे आहे?" कोणीतरी उत्साहाने दाखवलं की मागच्या पोटाला तेल घालायला एक बूच असतं. आईसाहेबांनी चमचाभर तूप आणि गुळाचा खडा उचलला. मी पुढे होऊन काशाबद्दल, घर्षणाबद्दल सांगायला लागलो आणि त्यांनी मला एका वाक्यात गप्प केलं. "सणाच्या दिवशी उपाशी पाठवायची होय रे?" सरकार आकाशाकडे बघत होते. आईला नाही म्हणायचं धाडस त्यांच्यातही नव्हतं. आणि तुम्ही हात जोडून, अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालात, "आईसाहेब, तिला काल एरंडेल दिलंय. आज तूपगूळ सोसायचा नाही."

आईसाहेबांचा हात तिथेच थांबला. एरंडेल घेतलेल्या माणसाला त्या दिवशी जड काही देत नाहीत, हे सात नातवंडं वाढवलेल्या बाईला कोण शिकवणार? "मग आधी नाही का सांगायचं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मऊ भात द्या." सरकारांना जोराचा खोकला आला. आईसाहेबांनी ताट तुमच्या हातात दिलं आणि त्या वाड्यात गेल्या.

निघायची वेळ झाली तरी तुम्ही दिसेनात. मी शोधत रिकाम्या पागेत आलो. तांबड्या घोडीच्या गव्हाणीत ते ताट ठेवलेलं, आणि तुम्ही गव्हाणीच्या काठावर हात ठेवून उभे. तुम्ही रडत नव्हता. काहीच करत नव्हता. मला बघून म्हणालात, "काय बघतोस, दाराला कडी घाल." मोटारीला तूपगूळ न देण्यामागे तेलाची काळजी होतीच, पण तो घोडीचा वाटा होता, तो तुम्ही तिच्या जागी आलेल्या कोणाला देणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

गाडी दुसरी आली. पहिली आलेली गाडी तिच्याहून मोठी होती, त्याला तेल काय करणार. पण आपली गाडी मकरपुऱ्याहून तशीच पळत परत आली, मागच्या पोटाला तुम्ही हात लावलात आणि चटका न बसता ठेवता आला. सरकार "ठीक" एवढंच म्हणाले. मुंबईचा माणूस आला नाही. त्या रात्री आईने तुमच्याशी बोलून विचारलं, भात अजून वाढू का.

तर नवं तेल मी वाटीत घालून खिडकीत ठेवलं. वाटी काळी पडली, आबा, तव्यासारखी. म्हणजे गंधकाचं तेल काशापितळेला खातं. या गाडीच्या मागच्या पोटात सगळं पोलाद आहे आणि दातांवर दाब भयंकर, तिथे हेच घाणेरडं तेल हवं, एरंडेलाने तिथे निभाव लागणार नाही. पण मधल्या पेटीत गिअर अलगद पडावे म्हणून काशाच्या कड्या आहेत, तिथे साधं स्वच्छ खनिज तेल. आणि जुनी हिरवी गाडी अजून एरंडेलावरच आहे. तीन डबे, तीन चमचे. एजंटाच्या माणसाला तसं कळवून टाकलं.

आज सकाळी पूजा झाली. संस्थानचे महाराज यंदाही विलायतेत, त्यामुळे स्वारीचा थाट कमी, पण सरकारांना नवी गाडी पळवायचीच होती. आईसाहेब आता फार थकल्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. मोलकरणीचा हात धरून आल्या, तेच ताट घेऊन. तुमच्या पश्चात हिरव्या गाडीसाठी मी दरवर्षी तुमचंच उत्तर देत आलो आणि, गव्हाणीचं ते तुमचं गुपित समजून, ताट वाड्यात परत पाठवत आलो. आज त्यांनी नव्या गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हिलाही एरंडेल दिलंय का रे?" या गाडीत एरंडेलाचा थेंब नाही. मी म्हटलं, "होय, आईसाहेब." त्यांनी मान हलवली आणि ताट माझ्यापुढे धरलं. "मग हे पागेत ठेवून ये. परत काय पाठवतोस दरवर्षी? तुझा बाप गव्हाणीत ठेवायचा. मी वरच्या खिडकीतून बघायची."

ताट घेतलं आणि गेलो. तिथे आता पेट्रोलचे टिन रचलेले असतात, पण ती गव्हाण मी कोणाला हलवू दिलेली नाही. ताट ठेवलं, काठावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो, बाहेर सरकारांनी हॉर्न वाजवला तरी राहिलो. हे सगळं आता इथेच बसून लिहितोय. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. कागद चांगला जाड आहे, उद्या डब्यांची तोंडं पुसायला होईल.

एक सांगायचं राहिलं. ताटात आईसाहेबांनी गुळाचा एकच खडा ठेवला होता. मी कोठीतून आणखी एक आणून ठेवला. तो घोडीसाठी नव्हता, आबा.