पेरायची ज्वारी

आई, आज तुझा बियाचा डबा थोडक्यात वाचला. गिरणीत निघाला होता. नेणारे होते तू कधी न पाहिलेले तुझे जावई, आणि वाचवणारी मी, जिच्यावर याच डब्यापायी तू एकदा सगळी गल्ली गोळा होईल इतकी ओरडली होतीस.

महिन्याभरापूर्वी आम्ही पुणं सोडून जळकोटला आलो. दादा आता शेतातल्या घरी राहतो, हे घर त्यानं आम्हाला दिलं. कंपनीनं इथून काम करायला एकच अट घातली होती, आज संध्याकाळपर्यंत त्यांचा नवा सर्व्हर इथूनच उभा करून दाखवायचा. जमलं तर राहायचं, नाही तर सोमवारी बॅगा भरायच्या. सर्व्हर म्हणजे काय हे तुला सांगत बसत नाही, तुझ्या लेखी कम्प्युटर म्हणजे बिघडलेला टीव्ही. एवढंच समज, की ते सॉफ्टवेअर मशीनवर बांधावं लागतं आणि त्याला दुसऱ्या एका लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्याचा, आधार लागतो. सकाळपासून बांधणी अर्ध्यातच थांबत होती, कारण काय तर ती लायब्ररी सापडत नाही. बसवायला जावं, तर मशीन चालवणारं लिनक्स म्हणायचं, आधीच बसवलेली आहे. काढली, पुन्हा बसवली, मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. दुपारी डोकं असं सणकलं की मी स्क्रीनलाच विचारलं, "हाय म्हणतोस अन् सापडत न्हाय म्हणतोस, मग गेली कुठं?"

तेवढ्यात हे डबा घेऊन दारात उभे. "पीठ संपलंय. ही ज्वारी दळून आणू ना?"

"आवो, ठेवा ते! ती पेरायची हाय!" मी खुर्चीतूनच ओरडले. तो आवाज तुझा होता.

मी शाळकरी आहे, तू खुरपायला गेलीयस. तू यायच्या आत भाकरी करून ठेवायच्या, अशी मला हौस आलीय. राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून तू ठेवलेली ज्वारी मी पाखडते आणि दळून आणते. तू येतेस, परातीतलं पीठ बघतेस, मग डबा उघडतेस. "आगं भवाने, खायची येगळी, पेरायची येगळी! घरात जवारी हाय म्हणून बी हाय का?" मी रडले. तू हात धुतलेस, त्याच पिठाच्या भाकरी थापल्यास आणि पहिली माझ्या ताटात टाकलीस. डब्याच्या तळाशी उरलेली मूठभर तू बांधाकडेला वेगळी पेरलीस. दादा अजून दर साली बी धरून याच डब्यात ठेवतो, ते त्याच मुठीचं.

माझ्या मशीनवर होती ती खायची ज्वारी. चालू प्रोग्रामला ती पुरते. तिच्यावर नवं काही बांधायचं तर त्याच लायब्ररीचं वेगळं पॅकेज लागतं, नावाच्या शेवटी 'डेव्ह' लावलेलं. मला हे माहीत नव्हतं असं नाही गं, पण 'आधीच बसवलेली आहे' एवढं वाचून मी भांडतच सुटले होते. ते पॅकेज आणलं, बांधणी पुढं सरकली. पुढं तिनं आणखी एक मागितलं, तेही तसंच दिलं. दिवेलागणीला सर्व्हर उभा राहिला. कंपनीचा निरोप आला, "चालतोय. राहा तिकडंच." मी ह्यांना मिठीच मारली, आणि ते म्हणाले, "आता तरी सांग, कुठली ज्वारी दळू?"

हे पत्र टाकायचं कुठं? राहील याच मशीनवर. एक कबूल करते. इथं का आलात म्हणून कुणी विचारलं की मी शहरातल्या धावपळीचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण खरं कारण ह्यांनाही सांगितलेलं नाही. तुझ्या हातचं काही या घरात अजून उरलंय का, ते मला बघायचं होतं. डबा काठोकाठ भरलाय, आई.