काचेवरची खूण

३ मे, बेळगाव
आईनं आज बरंच वाचलं. लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवर अक्षरं बोराएवढी केलीत. विड्या वळणाऱ्या बायकांच्या प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं, अजून बोट ठेवून वाचते.
मी लिहिलेलं हे पुस्तक तिच्यावरच. ती हो म्हणाली तरच छापायचं. तसं तिला सांगितलंय. "बघू की," एवढंच.
सदलग्याचं प्रकरण अजून लांब आहे. आईनं मला घेऊन तिथलं सासर सोडलं ती सकाळ. मी पाच वर्षांची. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि सगळं लिहून बसले.

५ मे
मॉनिटर पुसायला घेतला तर काचेवर फळावरचं, सफरचंदाचं स्टिकर. काढणार, तोच आई ओरडली.
"अगं, खूण हाय ती! हितपतूर वाचलंय."
"आई, पान सरकलं की खूण चुकणार."
"मग सरकवू नगंस."
सरकवत नाही. माझी बाकीची कामं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर. दिलीप हसतो. म्हणाला, "बायको, तुझा कॉम्प्युटर आता सासूबाईंच्या ताब्यात." बरं वाटतंय खरं तर. घरात कुणीतरी मला वाचतंय.

९ मे, निपाणी
बुद्धपौर्णिमेसाठी आई आणि मी इकडं, तिच्या घरी आलो. मॉनिटर घरीच. वायर काढली, प्रोग्राम बंद न करताच लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला. इथं उघडला तर पुस्तक दिसेना. चालू आहे, खालच्या पट्टीवर चिन्ह आहे, माउस नेला की नखाएवढं पान दिसतं. दाबलं की गायब. कळ दाबली की टुंग.
आई : "ओ देतंय की. येत मातर न्हाय."
दिलीपला फोन. उद्यमबागेत, त्याच्या कारखान्यातही डिझाइन करताना असंच होतं म्हणे. मॉनिटर काढला हे प्रोग्रामला कळत नाही, खिडकी जुन्या जागीच राहते. "बाणाची कळ दाबून ओढ अलीकडं. सोपं आहे."
आईनं ऐकलं. "वडू नगंस. माझी खूण तिकडं हाय, ते तिकडंच थांबणार. शाणं हाय ते."
नाही ओढलं. तिच्या म्हणण्यात चूक काढता येईना.

१० मे
आई शेजारणींना सांगत होती, "माझं पुस्तक बेळगावात उघडं पडलंय."
"झाकून तरी यायचं आक्का, धूळ बसंल की!"
खूप हसल्या. मीही.
मनात मात्र तेच. खूण तिथंच थांबलीय ते बरं, असंही वाटून गेलं. सदलगा तेवढंच लांब.

११ मे, रविवार
दिलीप बसनं आला. मांडीवर वाकळेत गुंडाळलेला मॉनिटर! कंडक्टरनं कानडीत विचारलं, "एन्री इदु? काय हे, टीव्ही?" हा म्हणाला, "सासूबाईंचं पुस्तक." तरी लगेजचं तिकीट फाडलंच.
आईचा पहिला प्रश्न : "काच पुसली न्हाई न्हवं, जावईबापू?"
स्टिकर जागच्या जागी. वायर जोडली. पडदा काळा, मग उजेड, मग पान. खुणेला लागून तीच ओळ. मी आणि दिलीप एकमेकांकडं बघत राहिलो. आईला विशेष काही वाटलं नाही. खुर्ची ओढून बसली.
संध्याकाळपर्यंत खूण पानाच्या तळाशी. पुढं सदलगा. चष्मा काढला. "उद्या."

१२ मे, पौर्णिमा
उठले तर आई पांढरं लुगडं नेसून मॉनिटरपुढं. पान पुढं गेलेलं. माउसचं चाक फिरवायला कधी शिकली कोण जाणे. स्टिकर बोटाच्या टोकावर.
मी चहा टाकला. मागं न वळताच म्हणाली,
"अनवाणी न्हवते गं मी."
"काय?"
"सदलग्यातनं निघाले तवा. तू लिवलंयस, अनवाणी. चप्पल घालून, येणी घालून, तुझ्या डोस्क्याला तेल लावून निघालते. कुणाची भीती हुती व्हय मला?"
बस. एवढंच.
'अनवाणी' खोडलं. तिथं काय येणार ते अजून सुचलेलं नाही. तेल आठवतंय का मला? केसांतून कानामागं ओघळलेलं...
'छापू का?' ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.
तिनं स्टिकर पुढच्या ओळीपाशी चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं आणि उठली. "चल, विहारात बाया वाट बघत असतील. आणि ह्ये बंद करू नगंस."