क्लीअर फोर्कला कॅचर हवा

४ मे, रविवार
बस्स झालं. सव्वीस वर्षं बेसबॉलमध्ये बॅटिंग करणाऱ्याच्या मागे, होम प्लेटपाशी उकिडवा बसून बॉल पकडतोय. आता वय एकोणपन्नास, उठताना गुडघे वाजतात. मॅच संपल्यावर मेहुण्याला सांगितलं. ड्वेन, आमच्या क्लीअर फोर्क गावच्या टीमचा मॅनेजर. म्हटलं, दुसरा कॅचर बघा, मला सोडवा. लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.
शोधायचं काम मीच घेतलं. बाकीच्यांना कॅचर कशाशी खातात ते माहीत नाही. महिन्याभरात मोकळा.

११ मे
पहिला उमेदवार पोस्टमन लेरॉय. सरावात एकही बॉल सोडला नाही. पण बॅटिंगला येणाऱ्याच्या मुलाबाळांची चौकशी करत बसतो. नापास. नाइलाजाने मीच खेळलो. उठताना अंपायरने हात दिला. भला माणूस.

१८ मे, सकाळ
शाळेतले विज्ञानाचे हॉगन सर. चष्मा आहे. नापास. ड्वेन म्हणाला, "त्यांना दिसतंय ना पण?" दिसणं वेगळं, ओळखणं वेगळं. ह्याला काय समजावणार.

संध्याकाळ
माझ्या डोळ्यांदेखत चार जण पळत दुसरा बेस चोरून गेले, माझा थ्रो पोचायच्या आत. वारा उलटा होता.

२५ मे
बायकोची, म्हणजे मार्लिसची, भाची. नाव केला. शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. हिने बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसला असा बॉल फेकला की पकडणारा ग्लव्ह काढून हात झटकत राहिला. पण माझा छातीचा पॅड तिला ढगळ होतो. पॅड काही बदलता येणार नाही. वाईट वाटलं, पण नापास.
जेवताना मार्लिसला म्हटलं, मी पुरता अडकलोय गं. ती म्हणाली, "व्हर्नन, पोरीला नकार का दिलास?" मी बटाटे मागितले.

८ जून
तिसऱ्या इनिंगला बसलो तो उठलोच नाही. गुडघा अडकला. अंपायर, ड्वेन आणि समोरच्या टीमचा एक धिप्पाड गडी, तिघांनी मला बसल्या अवस्थेतच उचलून बाहेर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केला उतरली, स्वतःचा पॅड घालून. जिंकलो.
निवड शेवटी माझीच. दोन आठवड्यांत परत येतो. तोवर तिने सांभाळावं.

२२ जून
डॉक्टर म्हणतात, पुन्हा उकिडवं बसायचं नाही. ड्वेनने नवीन पद दिलंय. मैदानाच्या टोकाला तारेच्या जाळीत उपड्या बादलीवर बसायचं आणि मॅचआधी बॉल टाकणाऱ्या पिचरांचे हात मोकळे करून द्यायचे. जबाबदारीचं काम आहे.
चाळीस बॉल घेतले. शेवटचा पिचर जाताना सवयीने बाहेरून कडी घालून गेला. दोनदा हाक मारली. सगळे केलाकडे बघत होते. इथून होम प्लेट दिसत नाही.
नऊच्या नऊ इनिंग होऊन मॅच संपल्यावर केलानेच येऊन कडी काढली. "काका, तुम्ही इथेच होतात?"
म्हटलं, हो. लक्ष ठेवून होतो.