ट्रॉस्के बेटावरचे घर, आईची सुरी आणि पत्रकांची पेटी

मी, युफिमिया गन, वय एक्याऐंशी, पोर्टलारिगची एकोणीस वर्षे खासदार, सध्या मुक्काम ट्रॉस्के बेट, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी तपासले. हृदय कुरकुरते, डोके ठणठणीत आहे, असे त्यांनी लिहून दिले. तो कागद सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल शंका घेणारे पक्षात अजून हयात आहेत.

१. माझे इथले दगडी घर, मागच्या बटाट्यांच्या वाफ्यांसह, बेटावरच्या शाळेला द्यावे. शिक्षिकेने त्यात राहावे. शाळा बंद करायला कोणी सरकारी माणूस आला तर त्याला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

२. आई हेरिंग मासे साफ करायला बंदरोबंदर हिंडायची. तिची सुरी भाची कॅट्रिओना हिला. पोरी, तू एडिनबरात वकिली करतेस आणि फार गोड बोलतेस. सुरीला धार लावत जा.

३. माझा जुना निवडणूक प्रतिनिधी टॉरक्विल बेन याला माझ्या प्रचारपत्रकांची पेटी द्यावी. कारण नोंदवून ठेवते.

सरकारने माझ्या मतदारसंघातले हे ट्रॉस्के रिकामे करून इथे तोफांचा सराव करायचे ठरवले. बेटावर अकरा घरे, आणि सरकार आमच्याच पक्षाचे. संसदेतल्या मतदानाच्या आदल्या दिवशी पक्षाचे प्रतोद म्हणाले, "एफीबाई, उद्या तुम्ही आजारी पडा. कुणी काही विचारणार नाही."

"एकोणीस वर्षांत या सभागृहात साधी शिंकलेसुद्धा नाही मी."

"मग उद्या शिंका. मंत्रिपदाचं आम्ही बघतो."

खोटे कशाला लिहू? दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत मी अंथरुणातच होते. मंत्रिपद मला हवे होते. मग बेटावरच्या मार्सलीचे बोलणे आठवले. ती भांडली नव्हती. एवढेच म्हणाली होती, "मेंढ्या नेईन गं एफी, पण आईला कुठं नेऊ? ती दफनभूमीत आहे."

उठले, बूट चढवले आणि जाऊन विरोधात मत दिले. ठराव तरीही मंजूर झाला. पक्षाने मला काढले. पुढच्या निवडणुकीत मी अपक्ष उभी राहिले, तर पक्षाने समोर टॉरक्विललाच उभे केले. दोनशे बारा मतांनी पडले. निकालानंतर तो हात पुढे करून म्हणाला, "एफी, राजकारणात हे चालायचंच."

"तुझं चालतंय. माझं नाही." मी हात दिला नाही.

पत्रकांवर ठळक छापले आहे, 'एफी गन, शब्दाची पक्की.' ते वाक्य टॉरक्विलने स्वतः लिहिले होते. त्याने ते आपल्या दिवाणखान्यात लावावे.

४. पडल्यावर मी इथेच राहायला आले. घरे सोडायच्या नोटिसा आल्या. अकरा घरांनी घेतल्या नाहीत, बाराव्या माझ्या घरानेही नाही. अधिकारी तीनदा होडीने आले. तिन्ही वेळा मार्सलीने त्यांना गरम सूप पाजून परत धाडले. चौथ्या वर्षी बेत रद्द झाला. खर्च परवडेना म्हणून, असे पक्ष सांगतो. सांगू दे. माझी उरलेली पुंजी धक्क्याच्या दुरुस्तीला लावावी. होड्या येत राहिल्या पाहिजेत.

५. गेल्या महिन्यात पक्षाचे पत्र आले. माझी तसबीर सभागृहात लावायची आहे, अंत्यविधीला नेते येणार आहेत. तसबीर देऊ नये. नेत्यांनी खुशाल यावे, पण भाषण करू नये, शवपेटीला खांदा द्यावा. दफनभूमीची चढण उभी आहे.

दगडावर माझे नाव आणि त्याखाली एकच शब्द कोरावा: अपक्ष.

साक्षीदार: लाक्लन मॅकफी, होडीवाला, रोना मॅकस्वीन, टपाल कचेरी. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे सांगूनच सह्या घेतल्या.

ट्रॉस्के, ३ ऑक्टोबर १९८९

युफिमिया गन
(सही वाकडी आली आहे ती वयामुळे. एकही शब्द बदललेला नाही.)